भिजलेले दप्तर

इतिहास आणि राज्यशास्त्र हे विषय घेऊन पदवी मिळविलेल्या माणसाचा पुढे उपयोग तो काय, हा प्रश्न आम्हांस प्रथम सोयरिकीच्या बोलण्यांत, मग नोकरीच्या मुलाखतींत आणि हल्ली नातवंडांच्या तोंडून ऐकावा लागला आहे. पन्नास वर्षांत त्याचे समाधानकारक उत्तर आम्हांस काही देता आले नाही. २०२४ च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्रीला पूर आला, आणि पाणी ओसरू लागले त्या दिवशी आमच्या वर्गातील एका मैत्रिणीचा फोन आला. ती म्हणाली, "घरातली माणसं सुखरूप आहेत. पण दप्तर भिजलं. अशा कामाला कोणाला बोलावतात ते कळेना, म्हणून तुम्हांला सांगते आहे."

हे दप्तर तिच्या माहेरचे. दांडिया बाजारातील वाड्याच्या माळ्यावर ते तीन-चार पिढ्या पडून होते. वाडा विकला गेला, भाऊ परदेशी स्थायिक झाला, आणि रुमालांत बांधलेले कागद पत्र्याच्या ट्रंकेत भरून हिच्या नदीकडच्या घरी तळमजल्यावर आले. माळ्यावर राहिले असते तर भिजले नसते. पण वाडाच राहिला नाही, तेव्हा त्या बोलण्यास अर्थ नाही.

या दप्तराची आणि आमची ओळख १९७५ सालची. ती सांगावयाची तर आधी आमच्या विभागाविषयी सांगितले पाहिजे.

१९७२ च्या जूनमध्ये आम्ही महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या कला शाखेत दाखल झालो. आमचे वर्ग भरत ते जुन्या बडोदे कॉलेजच्या वास्तूत, रॉबर्ट चिझम या वास्तुविशारदाने उभारलेल्या त्या मोठ्या घुमटाच्या आश्रयाने. याच कॉलेजात अरविंद घोष यांनी इंग्रजी आणि फ्रेंच शिकविले आणि कन्हैयालाल मुनशी त्यांचे विद्यार्थी होते, हे आम्हांस पहिल्या आठवड्यात निदान तीन प्राध्यापकांनी सांगितले. विद्यापीठ १९४९ सालचे. त्याच वर्षीच्या १ मे रोजी बडोदे संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. म्हणजे राज्य गेले आणि विद्यापीठ मागे राहिले. हंसाबेन मेहता पहिल्या कुलगुरू. शिक्षणाचे माध्यम इंग्रजी. त्यामुळे आमचे टिपण इंग्रजीत, शंका गुजरातीत आणि भांडण मराठीत, अशी वाटणी आपोआप होऊन गेली होती. आम्ही मराठी मुलेमुली एकोणीस होतो, त्यांत मुली सात. बहुतेकांच्या घरी कोणी ना कोणी संस्थानच्या नोकरीत होऊन गेलेला. कोणाचे आजोबा नवसारी प्रांतात वहिवाटदार, कोणाचे पणजोबा कडीकडे कारकून. गायकवाडीचा अभिमान आम्हांस घरातून मिळाला होता; तो तपासून घेण्याचे काम विभागात व्हावयाचे होते.

इतिहास आणि राज्यशास्त्र हे दोन स्वतंत्र विभाग. त्यांच्यात सख्य होते, पण दोहोंना एकमेकांविषयी थोडी कीवही होती. इतिहासाकडे प्रा. सतीशचंद्र मिश्र यांच्या ग्रंथांचा दबदबा. गुजरातच्या सुलतानशाहीचा त्यांचा इतिहास १९६३ साली प्रसिद्ध झालेला. 'मिरात-इ-सिकंदरी' या फारसी ग्रंथाच्या संपादनातही त्यांचा हात होता. मूळ कागद पाहिल्यावाचून बोलू नये, ही तेथील शिस्त. राज्यशास्त्राकडे वारे निराळे होते. रजनी कोठारी येथे व्याख्याते असतानाच १९६१ साली 'इकॉनॉमिक वीकली'त त्यांची भारतीय राजकारणावरील लेखमाला आली होती. पुढे ते दिल्लीस गेले आणि १९६३ साली त्यांनी तेथे संशोधनकेंद्र काढले. भिखू पारेख हेही इंग्लंडास जाण्यापूर्वी येथेच शिकवीत होते. त्या मंडळींच्या वादविवादांच्या गोष्टी आम्हांस वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांकडून मिळत, आणि प्रत्येक सांगणारा त्यांत थोडी भर घालीत असणार. आमच्या वेळेस कोठारींचे १९७० सालचे पुस्तक हाताळून खिळखिळे झाले होते. हंसा मेहता ग्रंथालयात त्यासाठी नाव लावावे लागे.

आमच्या शिक्षणाचा दुसरा भाग कामाठी बागेच्या कडेला, शेव-उसळीच्या गाडीपाशी होई. तर्री वाढवून मागावयाची आणि इतिहासात व्यक्ती मोठी की परिस्थिती, हे ठरवावयाचे. निर्णय कधी झाला नाही. पैसे मात्र ज्याचे मनीऑर्डरीने घरून येत तो देई.

राज्यशास्त्र आम्ही वर्गापेक्षा रस्त्यावर अधिक शिकलो, असे म्हणण्याची आमच्या पिढीस सवय आहे, आणि ते अगदीच खोटे नाही. १९७३ च्या डिसेंबरात अहमदाबादेच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात खाणावळीच्या बिलावरून ठिणगी पडली आणि पाहता पाहता नवनिर्माणाचे आंदोलन सगळ्या गुजरातेत पसरले. कॉलेजे बंद, शहरात संचारबंदी. १९७४ च्या फेब्रुवारीत मुख्यमंत्री चिमणभाई पटेल यांनी राजीनामा दिला, मार्चमध्ये विधानसभा विसर्जित झाली. आमच्यापैकी दोघे मोर्च्यांत पुढे होते. इतर मागे होते आणि आज ते पुढे असल्याचे सांगतात. पुढच्या वर्षी आणीबाणी आली तेव्हा गुजरातेत जनता मोर्च्याचे बाबूभाई पटेल यांचे सरकार नुकतेच आलेले असल्यामुळे १९७६ च्या मार्चपर्यंत येथे त्या मानाने मोकळीक होती. मग तेही सरकार गेले. एम. ए.च्या वर्गात त्या दिवसांत संविधानातील आणीबाणीची कलमे शिकविली जात होती. सर कलमे वाचून दाखवीत, क्षणभर थांबत आणि पुढचे कलम वाचीत. त्या थांबण्याचा अर्थ वर्गास कळत असे.

आता त्या परिसंवादाकडे वळतो. १९७५ च्या आरंभी, म्हणजे आमच्या बी. ए.च्या शेवटच्या वर्षी, मल्हारराव गायकवाडांच्या पदच्युतीस शंभर वर्षे होत होती. दोन्ही विषयांच्या विद्यार्थ्यांनी मिळून त्यावर निबंध वाचावेत, असे ठरले. प्रकरण वाचकांस ठाऊक असेल. १८७४ च्या नोव्हेंबरात रेसिडेंट कर्नल फेअर यांच्या सरबतात विष घातल्याचा आरोप मल्हाररावांवर आला. चौकशी आयोगावर तीन इंग्रज आणि तीन हिंदी सभासद होते. हिंदी सभासद म्हणजे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराजा रामसिंह आणि सर दिनकरराव. मते तीनास तीन अशी फुटली. इंग्रजांनी आरोप सिद्ध धरला, हिंदी सभासदांनी धरला नाही. सरकारने मग विषप्रयोगाचा मुद्दा बाजूस ठेवला आणि गैरकारभाराच्या कारणावरून त्यांना गादीवरून दूर केले. त्याच वर्षी कवळाण्याच्या गोपाळरावांचे दत्तकविधान होऊन ते सयाजीराव झाले.

इतिहासवाल्यांनी विष कोणी आणले याचा शोध लावण्याचा यत्न केला. राज्यशास्त्रवाल्यांचे म्हणणे असे की, विष कोणी आणले हा प्रश्नच गौण. मते समसमान पडली असता निकाल ज्याच्या हाती राहतो तो राजा. दोन तास मोठी रंगत आली. तेव्हा ही मैत्रीण उठली आणि म्हणाली, "आमच्या घरी आजी सांगते की विष कोणी घातलंच नव्हतं. माळ्यावर त्या वेळचे कागदही आहेत म्हणे. मोडीत आहेत."

सरांनी निबंध थांबविला. कागद आणता येतील काय, असे त्यांनी विचारले. आम्ही तोवर जे वाचले होते ते सगळे इंग्रजी होते. आयोगाचे अहवाल इंग्रजी, गेन्स आणि बनाजी यांनी संपादिलेले गायकवाडांविषयीचे खंडही इंग्रजी कागदपत्रांचेच. कोठीच्या इमारतीत मोडी दप्तरांचे ढीग होते हे आम्हांस माहीत होते. रियासतकार सरदेसाई यांनी याच बडोद्यात १८८९ पासून छत्तीस वर्षे महाराजांची नोकरी केली आणि ती करता करता 'मराठी रियासत' लिहिली, हेही आम्ही परीक्षेत लिहीत होतो. पण एकोणीस मराठी विद्यार्थ्यांत मोडी वाचणारा एकही नव्हता. आमच्या आजोबांना ती येत होती. वडिलांना सही करण्यापुरती.

कागद आले नाहीत. मैत्रिणीच्या आजोबांनी नकार दिला. घरचे कागद घराबाहेर जायचे नाहीत. जुन्या माणसांच्या मनात इनामाची, वारसाची, कोर्टाची भीती असे, आणि ती निराधार होती असे नाही. सरांनी निरोप पाठविला की आपण स्वतः घरी येऊन पाहू. त्यालाही उत्तर गेले नाही, कारण निरोप पोचविण्याचे काम आमच्याकडे होते आणि परीक्षा तोंडावर आली होती. ही आमची चूक आहे. आजोबा १९७८ साली गेले, सर त्यानंतर काही वर्षांनी. आम्ही त्या वाड्यात श्रीखंड-पुरीच्या पंगतीला कितीदा तरी बसलो, आणि माळा आमच्या डोक्यावरच होता.

त्याच परिसंवादात आणखी एक गोष्ट घडली. गायकवाडीच्या उदारपणावर आमचे बोलणे चढत्या सुरात चालले होते. सक्तीचे प्राथमिक शिक्षण १८९३ साली अमरेलीत आणि १९०६ साली सबंध राज्यात, मध्यवर्ती ग्रंथालय, शिष्यवृत्त्या. आंबेडकरांना १९१३ साली अमेरिकेस पाठविल्याचा उल्लेख आला तेव्हा मागच्या बाकावरील एका मित्राने विचारले, "पाठवलं खरं. पण १९१७ साली ते नोकरीसाठी इथे आले, तेव्हा झोपले कुठे?" कोणास सांगता येईना. मग त्यानेच सांगितले. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले, तेथून लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी घालविले, सबंध शहरात कोणी जागा दिली नाही, आणि मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते कामाठी बागेत बसले. ज्या बागेच्या कडेला आम्ही रोज शेव-उसळ खात होतो ती हीच बाग. बाबासाहेबांचे त्या प्रसंगावरील स्वतःचे लिखाण १९९० साली पुस्तिकारूपाने निघाले, तेव्हा आमच्यापैकी पुष्कळांनी ते प्रथम वाचले. हा मित्र मात्र ती हकीकत घरातून ऐकून आला होता. मैत्रिणीच्या माळ्याविषयी बोलणे निघाले तेव्हा तो एवढेच म्हणाला होता, "आमच्या घरी दप्तर नाही. आम्ही असलो तर तुमच्या दप्तरांत असू. आणि नावानं नसू."

यानंतर जे झाले ते सर्वत्र होते तसेच झाले. एम. ए. होऊन प्राध्यापक झाले ते दोघे. सहा जण बँकेत गेले. राष्ट्रीयीकरणानंतर भरती जोरात होती. एकजण वृत्तपत्रात, एकजण खत कारखान्याच्या हिशेबखात्यात. मुलींपैकी चौघींची लग्ने निकाल लागण्यापूर्वीच ठरली. त्यांतल्या एकीला प्रथम वर्ग मिळाला होता आणि तिची गुणपत्रिका आमच्यापैकी एकाने टपालाने सासरी पाठविली, ती पोचल्याचे पत्र कधी आले नाही. १९८१ साली भिखू पारेख कुलगुरू होऊन परत आले तेव्हा आमच्यातील काहींना वाटले की आपणही परतावे, पीएच.डी.चे पाहावे. वाटले, इतकेच.

स्नेहमेळावे झाले. १९९५ साली वीस वर्षांनी, २०१० साली पस्तीस वर्षांनी. मेळाव्यांविषयी आमचे मत फारसे चांगले नाही. पहिल्यात बदल्या आणि बढत्या, दुसऱ्यात मुलांचे व्हिसा आणि रक्तातील साखर. शेवटी समूहचित्र, आणि पुढच्या वर्षी नक्की भेटू असे म्हणून उठणे. विभागाविषयी कोणी बोलत नसे. प्रत्येकाच्या मनात ती गोष्ट असे आणि ती आता आपल्या कामाची नाही, असाही प्रत्येकाचा समज असे.

त्यामुळे पुरानंतरच्या त्या फोनवर नऊ जण जमले याचे आम्हांसच आश्चर्य वाटले. दोघे सत्तरीच्या पुढचे, गुडघे धरून जिना चढणारे. वर्गातील ज्या मैत्रिणीचा मुलगा संग्रहालयशास्त्र शिकला आहे तिने त्याला विचारून सूचना लिहून आणल्या होत्या. भिजलेला कागद उन्हात घालू नये. ओढून सुटा करू नये. दोन दिवसांच्या आत वाळला नाही तर बुरशी धरते. तेवढ्यात आवरणे शक्य नसेल तर पुडके प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून थेट अतिथंड कप्प्यात ठेवावे, म्हणजे बुरशी थांबते आणि पुढे सवडीने सोडविता येते. मैत्रिणीच्या घरी वीज नव्हती. तेव्हा आठ पुडकी रिक्षाने दुसऱ्या एका मित्राच्या घरी गेली. त्याची सून भली; तिने वाटाणे आणि आइस्क्रीम शेजारी देऊन जागा करून दिली. कशाचे पुडके आहे हे तिने विचारले, आणि सासऱ्यांनी "इतिहास" असे उत्तर दिले.

उरलेले कागद आम्ही वरच्या मजल्यावर जुन्या धोतरांवर आणि टीपकागदांवर मांडले, दर दोन तासांनी खालचा ओला कागद बदलीत. एक गोष्ट तेव्हा ध्यानात आली. सर्वांत जुने कागद सर्वांत धड होते. हातकागद आणि काजळाची शाई. पाणी लागूनही अक्षर जागचे हलले नव्हते. नंतरच्या काळातील गिरणीच्या कागदावरची निळी-जांभळी शाई मात्र धुऊन गेली होती. मैत्रिणीच्या आजोबांनी विसाव्या शतकात स्वतःच्या हाताने केलेली दप्तराची यादी त्यांतच होती. ती संपूर्ण कोरी झाली. लहानमोठे मिळून दोनशेच्या आसपास कागद. साठएकांचा लगदा झाला होता.

आणि मग वाचावयाचे कोणी, हा १९७५ सालचाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. मागच्या बाकावरचा तो मित्र चष्मा पुसून पुढे आला. बँकेत असता त्याची पुण्यास बदली झाली होती. तेथे भारत इतिहास संशोधक मंडळातील मोडीच्या वर्गास तो संध्याकाळी जात असे. हे त्याने दोन्ही मेळाव्यांत कोणास सांगितले नव्हते. विचारले तेव्हा म्हणाला, "तुम्ही विचारलं नाहीत. तुमचं बदल्यांचं चाललं होतं."

मोडी त्याने वाचली ती हळूहळू, बोट न टेकता. पूर्ण ओळ एका रेघेखाली सलग. शब्द कोठे तुटतो हे अर्थावरूनच ठरवावयाचे. पहिल्या धड कागदावर काळाची खूण निघाली, सबा अशरीन मयातैन व अलफ. सात, वीस, दोनशे आणि हजार. सुहूर सन १२२७. त्यात ५९९ मिळविले की १८२६ येते. हे गणित आम्हांस परीक्षेपुरते पाठ होते. खरा कागद पुढे ठेवून ते आम्ही आयुष्यात प्रथमच केले. मल्हाररावांच्या जवळजवळ पन्नास वर्षे आधीचा कागद. कडीहून धाकट्या भावाने थोरल्यास लिहिले होते की पाऊस लांबला, धान्य महागले, मुलाची मुंज पुढील साली करावी, आणि येणाऱ्या माणसाबरोबर एक घोंगडी पाठवावी. मैत्रीण दाराशी उभी राहून ऐकत होती. तिने विचारले, "घोंगडी पाठवली का?" उत्तराचा कागद सापडलेला नाही.

विषाविषयी काहीच निघाले नाही. आजीचे म्हणणे खरे की आयोगावरील इंग्रजांचे, यावर या दप्तरात अद्याप एक अक्षर नाही. जमाखर्च आहेत, लग्नाच्या याद्या आहेत, एक सनदेची नक्कल आहे. वाड्याच्या भिंतीच्या डागडुजीचा एक तपशील आहे. त्यात गवंड्याचे नाव आहे, सुताराचे नाव आहे, चुना कोणाकडून आणला त्याचे नाव आहे. माती वाहणाऱ्यांच्या ओळीवर मित्राचे बोट अधांतरी थांबले. त्याने ओळ वाचली, "गडी, असामी चार." पुन्हा एकदा वाचली आणि पुढे गेला. खोलीत कोणी बोलले नाही. परिसंवादातील त्याचे वाक्य सर्वांना आठवत होते, हे एकमेकांकडे पाहूनच कळले.

तेव्हापासून महिन्यातून एक रविवार ठरला आहे. आम्ही चौघे आता मोडी गिरवतो. 'श' आणि 'ग' यांचा गोंधळ अजून सुटत नाही, आणि मित्र हातावर पट्टी मारावी अशा स्वरात चुका काढतो. वाचून झालेल्या कागदांची देवनागरी नक्कल एका वहीत उतरली जाते. वहीच्या पहिल्या पानावर नव्याने यादी केली आहे, पेन्सिलीने. ती पाण्याने जात नाही. माती वाहणाऱ्या चौघांची नोंद यादीत करावी की नाही यावर थोडा वाद झाला, आणि ती करण्यात आली.

शीतकपाटातील आठ पुडक्यांपैकी सहा मोकळी झाली आहेत. सातवे उघडले तेव्हा वरचा कागद रुमालाला चिकटलेला निघाला. तो तसाच ठेवला आहे. सुनेने या आठवड्यात पुन्हा विचारले की आणखी किती दिवस. तिला दिवाळीपर्यंतचे सांगितले आहे. कोणती दिवाळी, ते सांगितलेले नाही.